माझ्या हातची लस

माझ्या मुलीला गोवरची दुसरी लस मीच टोचली. मी एएनएम, म्हणजे उपकेंद्राची सरकारी परिचारिका आहे. तेव्हा नांदुऱ्याहून पूर्णा नदीच्या बाजूला असलेल्या एका गावच्या उपकेंद्रात माझी नेमणूक होती. गावातले लोक मला सिस्टर म्हणायचे. लसीकरणाच्या दिवशी आम्ही अंगणवाडीत बसायचो: मी, आशाताई आणि अंगणवाडीच्या सेविकाबाई. त्या दिवशी मुलीला मी नांदुऱ्याहून, घरूनच बरोबर नेलं होतं. सेविकाबाईंनी तिला मांडीवर धरलं, मी दंड पुसला आणि टोचलं. ती रडली. हातात बिस्किट आल्यावर गप्प झाली. संध्याकाळी अंग थोडं तापलं, दुसऱ्या दिवशी उतरलं. माझ्या हातून टोचून घेतलेल्या कितीतरी लेकरांना येतो, तसाच तो ताप.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे बऱ्याच लोकांना माझ्याकडून तेवढंच ऐकायचं होतं.

तेव्हा ती थोडंफार बोलायची. मला मम्मी, पाण्याला मम, खिडकीतल्या कावळ्याला काऊ. पुढच्या काही महिन्यांत हे शब्द गेले. कधी गेले ते नेमकं नाही सांगता येत. लेकरू नवा शब्द बोललं की शेजारीपाजारी कळतं. जुना शब्द बोलायचं थांबलं तर कुणाच्या ध्यानात येत नाही. आधी काऊ गेला असावा. मग एक दिवस तहान लागल्यावर ती माठापाशी नुसती उभी राहून किंचाळली, आणि मला आठवेना की तिने मम म्हटलं त्याला किती दिवस झाले.

घरात आम्ही चौघं. माझे मिस्टर एका शाळेत लिपिक आहेत. सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणते, लग्नानंतर प्रौढांच्या वर्गात जाऊन लिहा-वाचायला शिकलेल्या. मजुरी करून त्यांनी मुलाला शिकवलं. आमच्या घरात बाबासाहेबांच्या फोटोखाली पुस्तकांची फळी आहे. ती रोज पुसायचं काम त्या कुणाला देत नाहीत. नातीला मांडीवर घेऊन त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "माह्यी नात कलेक्टर होईन, पाह्यजा तुमी."

पहिली शंका त्यांनाच आली. नात जमिनीवर पालथी पडून पाटाच्या कडेवरून बोट फिरवत होती, आणि आत्याबाई मागे उभ्या राहून हाका मारत होत्या. त्यांनी ताट वाजवून पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काय वो, हे बह्यरी तं नाही ना?"

मिस्टरांनी ते उडवून लावलं. "टीव्हीवर जाहिरात लागली का दुसऱ्या खोलीतून पयत येते. बह्यरी कशी असन?"

त्यांचं म्हणणं बरोबर होतं, आणि मला तेच नको होतं. लेकरं वाढताना कोणत्या वयात काय करतात याचा तक्ता माझ्या उपकेंद्राच्या भिंतीवर लावलेला होता. नावाने हाक मारल्यावर वळत नाही, नजर देत नाही, आलेले शब्द जातात, याचा अर्थ दुसराही असतो हे मी प्रशिक्षणात ऐकलं होतं. तो दुसरा अर्थ येऊ नये म्हणून माझी मुलगी बहिरी निघावी असं मला वाटत होतं. बहिरेपणाला मशीन असतं.

कानाची तपासणी अकोल्याला झाली. तिला झोपेचं औषध पाजलं. औषधाशी ती बराच वेळ झगडली, माझ्या खांद्यावर डोकं घासत राहिली, मग एकदम सैल पडली. डोक्याला आणि कानामागे तारा चिकटवून तंत्रज्ञाने काम सुरू केलं. आम्ही दोघं बाहेर बाकावर बसलो. संपल्यावर त्याने हसून सांगितलं, "काही काळजी नाही. कान एकदम उत्तम आहेत."

मिस्टरांनी जिन्यातूनच फोन लावला. "माय, कान चांगले हायेत तिचे. काहीच नाही झालं." मी झोपलेल्या मुलीला घेऊन पायरीवर बसले आणि मला रडू आलं. आनंदाने रडतेय असं समजून त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"बहिरी असती तर बरं झालं असतं," मी म्हणाले.

त्यांनी हात काढून घेतला. "सोताच्या पोरीबद्दल असं बोलून राह्यली तू?" एवढंच म्हणाले.

त्यानंतर मीच हट्ट धरून मूल्यमापनाची वेळ घेतली. तीही अकोल्यालाच. खोलीत जमिनीवर सतरंजी, छोट्या खुर्च्या, खेळण्यांची एक टोपली. मानसतज्ज्ञ मॅडम आमच्याच वयाच्या होत्या. त्या सतरंजीवर मांडी घालून बसल्या आणि मुलीशी खेळता खेळता आम्हाला विचारत राहिल्या.

"बोटाने दाखवते का काही? चंद्र, विमान, गाय?"

"हो, दाखवते ना," मिस्टर लगेच म्हणाले.

"शेवटचं कधी दाखवलं?"

ते माझ्याकडे बघायला लागले.

"काही हवं असलं तर काय करते?"

"माझा हात धरून नेते," मी सांगितलं.

"हात धरल्यावर तुमच्या तोंडाकडे बघते?"

"नाही. नुसता हात नेते." पक्कड उचलून न्यावी तसा, असं माझ्या मनात आलं. ते मी बोलले नाही, पण मॅडमनी मान हलवून लिहून घेतलं.

मग त्यांनी साबणाचे फुगे काढले. मुलगी खूश झाली, टाचा उचलून उड्या मारायला लागली. मिस्टर माझ्याकडे बघून हसले. बघ, कशी खेळतेय, असं त्या हसण्यात होतं. मॅडमनी फुंकायचं मध्येच थांबवलं आणि बाटली हातात धरून नुसत्या बसून राहिल्या. कुठलंही लेकरू अशा वेळी वर बघतं. का थांबलात, म्हणून बघतं. माझी मुलगी बाटलीकडे बघत होती. मग तिने मॅडमचा हात मनगटाला धरला आणि बाटलीकडे ढकलला. मॅडमनी परत थांबवलं, परत तसंच झालं. मॅडम तिच्यासाठी तिथे नव्हत्याच. तिथे एक हात होता, जो फुगे काढायचा.

पुढचं डॉक्टरांनी सांगण्याआधीच मला कळलं होतं. डॉक्टर शांत स्वभावाचे, वयस्कर. ते म्हणाले, "हा ऑटिझम आहे. मराठीत स्वमग्नता म्हणतात." तो शब्द मला तेव्हाही आवडला नाही आणि आजही आवडत नाही. मग्न म्हटलं की माणूस सुखात असल्यासारखं वाटतं. घरी कुकरची शिट्टी झाली की ती भिंतीवर डोकं आपटायची, तेव्हा ती कशात मग्न असायची ते मला कुणी सांगितलं नाही.

मिस्टरांनी एकच प्रश्न विचारला. माझ्याकडे न बघता. "लसीमुळं झालं का डॉक्टर? लस टोचली आन् मंग बोलनं बंद झालं."

म्हणजे इतके महिने ते मनात होतं.

"नाही," डॉक्टर म्हणाले. "लसीचा याच्याशी संबंध नाही. हे जगभर पुन्हा पुन्हा तपासून झालं आहे. दोन्ही गोष्टी साधारण एकाच वयात येतात, म्हणून लोकांना तसं वाटतं. तुमच्याकडे तिचे आधीचे व्हिडिओ आहेत का?"

पहिल्या वाढदिवसाचा होता, मिस्टरांच्या फोनमध्ये. त्या दुसऱ्या लसीच्या कितीतरी आधीचा. आम्ही तिघं तो बघायला लागलो. घरभर माणसं, टाळ्या, केक. सगळे तिला हाका मारताहेत आणि ती पंख्याला बांधलेल्या चमकीच्या पट्टीकडे बघते आहे. मग व्हिडिओत मी येते, तिच्यासमोर वाकते, टाळ्या वाजवते, नावाने बोलावते. ती मान एका बाजूला करते, माझ्या आडून ती पट्टी दिसावी म्हणून.

"बघितलंत?" डॉक्टर म्हणाले.

मिस्टरांनी फोन बंद केला. मला हायसं वाटायला हवं होतं. पण मला ती व्हिडिओतली बाईच दिसत राहिली. ती फार हसत होती.

घरी आत्याबाई दारातच होत्या. मिस्टर आत निघून गेले, सांगायचं माझ्यावर आलं. मी जमेल तसं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी विचारलं, "शिकन का हे?"

"शिकेल. तिच्या पद्धतीने शिकेल."

"म्हंजे कसं? शायेत जाईन का? आपलं नाव तरी लिवन का?"

"माहीत नाही, आत्याबाई."

त्या उठल्या आणि पुस्तकांची फळी पुसायला लागल्या. सकाळीच पुसून झाली होती.

त्यानंतर काही महिन्यांनी लसीकरणाच्या दिवशी मी गावात गेले, तर अंगणवाडी जवळजवळ रिकामी. एरवी लेकरांच्या रडण्याने कान किटायचे. आशाताई माझ्या नजरेला नजर देत नव्हत्या. मीच विचारलं तेव्हा म्हणाल्या, "सिस्टर, राग नका मानू. बाया म्हणून राह्यल्या का सिस्टरनं सोताच्या पोरीले टोचलं आन् पोरगी मुकी झाली. कोनाच्या तरी मोबाईलवर व्हिडिओबी आला हाये, सुईनं लेकरं येडे होतात म्हणून."

आम्ही घरोघर निघालो. काही बायांनी दारातूनच सांगितलं, लेकरू मामाच्या गावाला गेलं. आतून लेकराचा आवाज येत होता. एका घरी सासरा पुढे झाला आणि म्हणाला, "सरकारी काम हाये, लिवून टाका टोचलं म्हणून. आमी काई तक्रार नाही करत." मी म्हटलं, तसं लिहिता येत नाही. तो खांदे उडवून आत गेला.

गावाच्या टोकाला एक घर होतं. तिथली बाई तरुण, पहिलंच बाळंतपण, मुलगा माझ्या मुलीच्या लसीच्या वेळच्या वयाचा. तिने आम्हाला बसायला चटई दिली, प्यायला पाणी दिलं. आमच्या भागातलं पाणी खारट; तिने ते दूर जाऊन गोड विहिरीचं आणलेलं होतं, ते दिलं. मग माझ्यासमोर बसून सरळ विचारलं.

"तुमच्या पोरीले तुमीच टोचलं ना?"

"हो. मीच."

"मंग?"

मी तिला वाढदिवसाच्या व्हिडिओचं सांगितलं. माझी मुलगी लसीच्या आधीच माझ्याकडे बघत नव्हती आणि मला ते दिसलं नव्हतं, हे मी त्या चटईवर बसून पहिल्यांदा परक्या माणसाला सांगितलं. आशाताई खाली बघत बसल्या होत्या.

"आता अजून एक लेकरू झालं तुमाले, तं त्याले टोचसान?"

"टोचेन. मीच टोचेन."

"शपथ घेता?"

आमच्या घरात शपथा घेत नाहीत. आत्याबाईंना आवडत नाही. "कुणाची घेऊ?" मी विचारलं.

"तिचीच."

मी मुलीची शपथ घेतली. त्या बाईने मुलाला उचलून मांडीवर घेतलं. मी दंड पुसला आणि टोचलं. हाताला सवय असते. लेकरू रडलं, तिने छातीशी धरलं. ते रडता रडता आईच्या तोंडाकडे बघत होतं, हे का केलंस म्हणून. मी लसीचा डबा बंद केला आणि बाहेर जाऊन उभी राहिले.

त्यानंतर थोडी घरं उघडली. सगळी नाही.

ही गोष्ट गावात कुठून पोचली हे शोधायला मला फार वेळ लागला नाही. आत्याबाईंची एक मैत्रीण त्या गावची, विहारात भेटायची. मी घरी येऊन सरळ विचारलं. त्यांनी नाकारलं नाही.

"हाव, म्याच म्हनलं. दुसरं काय सांगू लोकाइले? आपल्या घरात असं हाये म्हणून सांगू? सुईवर गेलं तं घरावर येत नाही. पोरीवर येत नाही."

"माझ्यावर येतं, आत्याबाई."

"तू सरकारी हायेस. तुले कोन काय करन?"

त्यांना खरोखर तसंच वाटत होतं. नोकरी लागलेल्या माणसाला कुणी हात लावू शकत नाही, यावर त्यांनी आयुष्य उभं केलं होतं.

उपचार सुरू झाले होते. बोलण्याची थेरपी, आणि दुसरी हात, शरीर, स्पर्श यांची. दोन्हीसाठी अकोला. आठवड्यात एकदा मी रजा टाकून नेत असे, शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की मिस्टर नेत. गाडीत ती दोन्ही कानांवर हात दाबून बसायची, भोंगा वाजला की स्वतःचं मनगट चावायची. मनगटावर घट्टा पडला होता. शेगावला चढणाऱ्या बाया चांगल्या मनाने विचारायच्या, मोबाईल जास्त देता का, नजर लागली का, कुण्या बाबाकडे नेलं का. एकीने तर माझ्या परवानगीशिवाय तिच्या कपाळाला अंगारा लावला. मुलीला कपाळाला हात लावलेला सहन होत नाही. पुढची दोन स्टेशनं ती किंचाळत होती, आणि डब्यातली माणसं माझ्याकडे बघत होती.

नांदुऱ्यात एका बालवाडीने तिला घेतलं आणि काही दिवसांनी नम्रपणे नको म्हटलं. इतर पालक बोलतात, आमच्याकडे तशी सोय नाही, तुम्ही स्वतः आरोग्य खात्यातल्या, तुम्हाला समजतं. सगळे मला हेच म्हणायचे. तुम्हाला समजतं.

मिस्टर घरी कमी बोलायला लागले आणि फोनमध्ये जास्त बघायला लागले. एक दिवस त्यांनी सांगितलं की एका मोठ्या शहरात एक केंद्र आहे, तिथे पाठीच्या कण्यात काही पेशींचं इंजेक्शन देतात आणि मुलं बोलायला लागतात. तारीख घेऊन झाली होती.

"मी एक सरकारी लस टोचली म्हणून वर्षभर तुम्ही माझ्याशी धड बोलला नाहीत," मी म्हणाले, "आणि आता तिच्या कण्यात सुई घालायला निघालात?"

"मंग काय करू? बसू पाह्यत?"

"डॉक्टरांना विचारा."

त्यांनी माझ्यासमोर अकोल्याच्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. मिस्टर नुसतं हूं, हूं करत होते. ठेवल्यावर म्हणाले, "पुरावा नाही म्हणते. धोका हाये म्हणते." मग ते अंगणात जाऊन स्कूटर धुवायला लागले. त्या दिवशी त्यांचा मार्ग बंद झाला आणि माझा काही उघडा नव्हता.

दिव्यांग प्रमाणपत्राला मात्र त्यांनी ठाम नकार दिला. डॉक्टर सांगत होते, मॅडम सांगत होत्या, पुढे शाळेला, सवलतींना लागेल. ते म्हणायचे, "एकदा कागदावर चढलं का जनमभर उतरत नाही. उद्या बोलायले लागली तं?" मी वाद घालणं सोडून दिलं. खरं म्हणजे मलाही तो कागद लवकर नको होता.

मग ते शनिवारचं झालं. मिस्टर तिला थेरपीहून परत घेऊन आले. नांदुऱ्याच्या फलाटावर उतरले, गर्दी होती, मागून कुणाचा तरी धक्का लागला, फोन खाली पडला. तो उचलायला त्यांनी तिचा हात सोडला. उभे राहिले तर ती नव्हती.

त्यांनी मला नंतर सांगितलं की ते तिच्या नावाने ओरडत फलाटभर धावले, आणि धावता धावता त्यांना कळलं की याचा काही उपयोग नाही. नावाने ती वळणारच नव्हती. ते नुसतंच हवेत ओरडत होते.

ती सापडली फलाट संपतो त्याच्या पलीकडे, उभ्या असलेल्या मालगाडीजवळ. रुळावर काम करणाऱ्या एका माणसाने तिला पाहिलं आणि रेल्वे पोलिसांकडे आणलं. महिला पोलीस तिला नाव विचारत होती, आईचं नाव, गावाचं नाव. भोवती माणसं जमली होती. मुकी आहे, कुणीतरी सोडून दिली, पोरगी म्हणून सोडली असन, असं चाललं होतं. मिस्टर गर्दीतून घुसले आणि तिला उचलायला गेले. तिने अंग ताठ केलं, किंचाळली, त्यांना ढकललं.

पोलीसबाईंनी मधे हात घातला. "थांबा. ही तुम्हाला ओळखत नाही."

"बाप आहे मी तिचा."

"मग ती तुमच्याकडे येत का नाही?"

त्यांनी फोनमधले फोटो दाखवले. पोलीसबाई म्हणाल्या, फोटो कुणाच्याही फोनमध्ये असतात, आईला बोलवा. त्यांचं काही चुकत नव्हतं. मी त्यांच्या जागी असते तर मीही लेकरू दिलं नसतं. मी उपकेंद्राचं दार तसंच ओढून ऑटोने निघाले. पोचले तेव्हा मुलगी बाकाखाली बसली होती आणि मिस्टर तिच्यापासून हातभर लांब, भिंतीला टेकून, चोर धरून बसवावा तसे उभे होते. सगळं गाव त्यांना ओळखतं, पण त्या गर्दीत ओळखीचं कुणी नव्हतं, किंवा असून पुढे आलं नव्हतं.

मी बाकाशी बसले आणि नुसता हात पुढे केला. तिने तो मनगटाला धरला आणि मला दाराकडे ओढायला लागली. पोलीसबाईंना तेवढं पुरलं.

घरी पोचून पाणी प्यायल्यावर मिस्टर म्हणाले, "थे प्रमाणपत्र काढून टाकू." आणि हातपाय धुवायला मोरीत गेले. बराच वेळ नळ चालू राहिला. आत्याबाई उठून दारापाशी गेल्या, थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि हाक न मारता परत आल्या.

प्रमाणपत्रासाठी बुलढाण्याला जिल्हा रुग्णालयात जावं लागलं. राजूरच्या घाटात तिला उलट्या झाल्या. रुग्णालयाच्या व्हरांड्यात आमच्यासारखे बरेच लोक होते. आमच्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ त्यांच्या मोठ्या मुलाला घेऊन बसले होते. मुलाला मिसरूड फुटून दाढीही आलेली. वडील अधूनमधून खिशातून रुमाल काढून त्याचं तोंड पुसत आणि रुमाल तसाच घडी करून ठेवत. मिस्टर त्यांच्याकडे बघत होते. आमचा नंबर आला तरी त्यांचं लक्ष तिकडेच.

परत येताना, घाट उतरल्यावर ते म्हणाले, "त्याइच्या मागं त्याचं कोन पाह्यन?" आम्हा दोघांच्या मागे हिचं कोण, हेच ते विचारत होते.

हाच प्रश्न आत्याबाईंनीही केला आणि माझ्या आईनेही, वेगळ्या रीतीने. अजून एक होऊ द्या, म्हणाल्या. भाऊ-बहीण कोणी असलं तर हिच्याकडे पाहील. दोघींचं मन चांगलं होतं. मी आईला म्हटलं, जन्माच्या आधीच त्याला कामाला लावायचं का. आई रडली. मिस्टरांना मी विचारलं तेव्हा त्यांनी फक्त नाही म्हणून मान हलवली, आणि तो विषय आमच्यात संपला. त्या गावातल्या बाईसमोर मी घेतलेली शपथ मात्र खरी होती. टोचलं असतंच.

आता ती सात वर्षांची आहे. बोलत नाही. मानसतज्ज्ञ मॅडम म्हणतात, बोलेलच किंवा बोलणारच नाही असं कुणी छातीठोकपणे सांगू नये, पण तिला आयुष्यभर कुणाची तरी सोबत लागेल हे आपण धरून चालावं. माझी बदली व्हायला बराच काळ गेला. गेल्या वर्षीपासून मी आणि ती अकोल्यात एका खोलीत राहतो, ती विशेष मुलांच्या शाळेत जाते. मिस्टर नांदुऱ्यातच, नोकरीमुळे आणि आत्याबाईंमुळे. आत्याबाईंचे गुडघे गेलेत, त्यांना प्रवास होत नाही. फोनवर त्या आता शाळेचं विचारत नाहीत. जेवली का, एवढंच विचारतात. शिकन का, हे त्यांनी परत कधी विचारलं नाही, आणि त्यांचं ते न विचारणं मला विचारण्यापेक्षा जड जातं.

शाळेत तिला चित्रांच्या पत्त्या, म्हणजे छोटी कार्डं, वापरायला शिकवतात. पाणी हवं तर पाण्याचं चित्र, खायला हवं तर ताटाचं. ती पत्ती उचलून समोरच्याच्या हातात द्यायची. आधी कित्येक महिने ती पत्त्या नुसत्या ओळीने मांडायची. मग पाण्याची पत्ती देऊ लागली. शाळेतल्या मॅडमना सगळ्यात जास्त हवी होती ती नकोची पत्ती, लाल फुली असलेली. नको म्हणता आलं, तर ती चावणार नाही, डोकं आपटणार नाही, असं त्या समजावतात.

मागच्या एका रविवारी मिस्टर आले. तिच्यासाठी हिरव्या काचेच्या बांगड्या आणल्या होत्या. ती दारापाशी बसून चपलांचे पट्टे एका दिशेला लावत होती. त्यांनी तिला मागून उचलून घेतलं आणि गालाला गाल लावला, दाढी रोज करत असले तरी तिला टोचते. ती ताठ झाली. मला वाटलं आता किंचाळणार. ती त्यांच्या हातातून खाली सरकली, घरीही भिंतीवर पत्त्या चिकटवून ठेवलेली पट्टी आहे, तिच्यापाशी गेली, एक पत्ती ओढून काढली आणि परत येऊन त्यांच्या तळहातावर ठेवली. लाल फुली.

त्यांना त्या पत्तीचा अर्थ माहीत होता. ते हसले. "शाब्बास," म्हणाले. माझ्याकडे बघून परत म्हणाले, "आता सांगते ते. पाह्यलं का, मले सांगलं तिनं." आयुष्यात पहिल्यांदा तिने त्यांना काहीतरी सांगितलं होतं.

मी चहा ठेवायला वळले. चहा झाला तरी ते आत आले नाहीत, म्हणून बघितलं. ते बाहेरच्या पायरीवर बसले होते, पत्ती हातातच होती. मी कप त्यांच्याजवळ ठेवला. आत मुलगी परत चपलांपाशी बसली होती. त्यांच्या चपलाही तिने ओळीत लावल्या होत्या. ते अनवाणीच बसून राहिले, तिची ओळ मोडू नये म्हणून.